पोतेऱ्याची बखर

आमच्या घराण्यात कोणी सरदार झाला नाही. देशमुखी नाही, पाटीलकी नाही. सनद म्हणाल तर वडिलांच्या सरकारी क्वार्टरच्या भाड्याच्या चार पावत्या. त्यामुळे आपल्या हातून एक तरी बखर व्हावी ही माझी जुनी हौस तशीच राहून गेली होती. बखरीला निदान एक तलवार लागते. आमच्याकडे तलवारीच्या जागी, म्हणजे दाराआडच्या खुंटीला, तीन पिढ्या एकच वस्तू लटकत आली आहे. ती म्हणजे पोतेरं. शेवटी विचार केला, की राजांच्या बखरी पुष्कळांनी लिहिल्या, पण राजवाड्याची जमीन कशानं पुसत होते ते कोणी लिहिलं नाही. तेव्हा हा मान आपणच घ्यावा.

तसं निमित्तही घडलं. दिवाळीला पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू आले आणि तिसऱ्या रात्री नातवाचं पोट बिघडलं. उलट्या झाल्या, जुलाब झाले. सकाळपर्यंत एवढंसं पोर सुकलेल्या दोडक्यासारखं दिसायला लागलं. एरवी माझ्या खांद्यावरून न उतरणारा तो प्राणी ‘आजोबा, नको’ म्हणून कूस बदलून निजला, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. औंढ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाण्यात कालवून पाजायची पुडी दिली, झिंकच्या गोळ्या दिल्या, ‘घाबरू नका’ म्हणाले आणि आम्ही उठता उठता सहज विचारलं, “घरातली ओटा-ताटं पुसायची फडकी कशी ठेवता?”

एवढं विचारून डॉक्टर मोकळे झाले. घरात मात्र ठिणगी पडली.

सौ.चा रोख सूनबाईच्या मॉपवर होता. सूनबाईनं दिवाळीची भेट म्हणून एक बादली आणली होती. त्या बादलीत एक जाळीदार फिरकी, आणि तिच्यात गरगरा फिरून पिळला जाणारा दांड्याचा मॉप. त्याच्या डोक्यावरच्या पांढऱ्या झिपऱ्या बघून सौ.नं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘गोसावी’ ठेवलं होतं. हा गोसावी न्हाणीघरात बादलीत पाय सोडून रात्रंदिवस ध्यानस्थ असे. सूनबाईचा रोख सौ.च्या ओट्यावरच्या फडक्याकडे होता. ती मुलगी शिकलेली आणि शहाणी, त्यामुळे आरोपसुद्धा प्रश्नाच्या रूपात करते. “आई, ह्याच फडक्यानं कुकरचं बूड पुसलंत ना?” त्यावर सौ. म्हणाली, “याच फडक्यानं तुझ्या नवऱ्याला लहानाचा मोठा केलाय.” नवऱ्यानं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, वर्तमानपत्र डोळ्यांच्या आणखी जवळ नेलं. तेव्हा निवृत्त शिक्षक या नात्यानं मी पुढे झालो आणि एकसदस्य चौकशी समिती म्हणून स्वतःची नेमणूक करून टाकली. चौकशी समितीनं मूळ प्रश्न सोडून इतिहासात शिरायचं असतं, ही पद्धत मी काटेकोर पाळली.

तर इतिहास. आम्ही राहतो सिद्धेश्वरला. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरीचं धरण, त्याच्या खाली आमचं सिद्धेश्वरचं. दोन्ही १९६८ साली पुरी झाली. वडील या कामावर कारकून होते म्हणून आम्ही इथे आलो आणि धरणातल्या गाळासारखे इथेच बसलो. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा निघाला आणि आम्ही अंथरुणातून न उठता हिंगोलीकर झालो. जवळच औंढा नागनाथ. तिथलं देऊळ नामदेवांसाठी फिरलं असं सांगतात. आमच्यासाठी नुसता जिल्हा फिरला, पण आमची पुण्याईही बेताचीच.

क्वार्टरला शहाबादी फरशी होती. वडिलांनी मोठ्या अभिमानानं आजीला खेड्यावरून आणलं. आजीनं उंबऱ्यातून आत बघितलं, फरशीवरून पाय फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. आम्हाला वाटलं, आनंदाश्रू. ती म्हणाली, “लेकरा, हिला सारवू कशी? ही तर दगडाची.” जन्मभर दर आठवड्याला शेणामातीनं जमीन सारवलेल्या बाईला न पिणारी जमीन म्हणजे न जेवणारं पोर वाटलं असावं. पोतेरं हा शब्द त्या सारवणातला. शेणकाल्यात किंवा पांढऱ्या मातीत बुडवून चुलीवरून, जमिनीवरून फिरवायची ती चिंधी. शहाबादी आली, सारवण गेलं, पण चिंधी राहिली आणि तिचं नावही राहिलं. नुसतं काम बदललं. पूर्वी ती जमिनीला काहीतरी लावायची, आता जमिनीवरचं काहीतरी काढून घ्यायला लागली. इथे इतिहासाला मोठं वळण लागलं, पण त्या वळणावर कोणी पाटी लावलेली नाही. कारण सारवणाचं पोतेरं कामात वापरून झालं, की त्याला चिकटलेलं शेण दिसायचं, म्हणून लोक ते धुवायचे तरी. फरशीचं फडकं जे उचलून घेतं ते दिसत नाही.

आजीच्या राज्यात चिंध्यांचीही एक वंशावळ होती. नवं नऊवारी लुगडं सणाला निघायचं. ते विरलं की रोजच्या वापरात यायचं. पदराशी फाटलं की मधला बरा भाग काढून बाळंतिणीच्या पोराला दुपटं. दुपट्यातून उरलेलं गोधडीच्या पोटात. गोधडी उसवली की त्यातले तुकडे भांडी पुसायला. तिथून बढती म्हणा की बदली म्हणा, चुलीजवळ ‘मसोतं’ म्हणून नेमणूक, म्हणजे गरम भांडं उतरवायला आणि उतू गेलेलं टिपायला. आणि अगदी शेवटी, कुठलाच रंग ओळखू येईना झाला, की पोतेरं. एका लुगड्याला हा प्रवास करायला दहा-बारा वर्षं लागत. आजीला प्रत्येक तुकड्याचं मूळ ठाऊक असायचं. “हे सुमीच्या बारशाचं,” असं ती फरशी पुसता पुसता सांगे. मात्र या वंशावळीत उलटी गती नव्हती. पोतेऱ्याला पुन्हा मसोतं होता येत नसे. एकदा मी पाटी पुसायला पोतेरं घेतलं आणि मग त्याच हातानं भाकरी उचलली, तर आजीनं हातावर उलथनं मारलं होतं. आता मोठ्या इस्पितळांत संडासाचं फडकं लाल, स्वयंपाकघराचं हिरवं असे रंग ठरवून देतात म्हणे. आजीकडे रंग नव्हते. उलथनं होतं.

रोज दुपारी तिचा एक कार्यक्रम असे. चुलीतली राख मडक्यातल्या पाण्यात घालून ते पाणी निवळू द्यायचं. वरचं निवळ पाणी घेऊन त्यात चुलीजवळची सगळी फडकी उकळायची. राखेतल्या खारानं तेलकटपणा सुटतो, हे तिला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. परीट भट्टी लावायचा त्याचीच ही घरगुती आवृत्ती. मग ती फडकी पिळून बोरीच्या काट्यांच्या कुंपणावर टाकायची. काट्यावर टाकलेलं फडकं वाऱ्यानं उडत नाही आणि दोन्ही बाजूंनी ऊन खातं. “ओलं फडकं आन्‌ उपाशी पाव्हणा घरात रात्रभर ठिऊ नाही,” असं ती म्हणायची. पाहुण्यांच्या बाबतीत आम्ही तिचं ऐकलं.

आता मी आजीची आरती ओवाळायला बसलो आहे असं वाचकांना वाटायला नको, म्हणून तिच्या दुसऱ्या फडक्याबद्दलही सांगतो. ते सोवळ्याचं. देवघराच्या कोपऱ्यात एका पितळी तपेलीवर ते ओलेतं पडलेलं असे. त्याला आम्ही हात लावायचा नाही, ते आमच्या कपड्यांबरोबर वाळत घालायचं नाही, बाहेर कोणाची सावली पडेल म्हणून उन्हातही न्यायचं नाही. त्याला कायम एक आंबूस वास यायचा. मी एकदा म्हणालो, “आजी, तुझ्या पोतेऱ्यापेक्षा ह्याला जास्त वास येतोय.” त्या दिवशी उलथनं दोनदा बसलं. पण समितीला आज म्हणावं लागतं, की पोराचं नाक बरोबर होतं. ज्याला घरात सगळे ओवळं म्हणत ते पोतेरं खरं स्वच्छ होतं, कारण ते रोज उकळत होतं आणि रोज वाळत होतं. आणि ज्याला शुद्ध म्हणत त्याला फक्त माणसं शिवत नव्हती. बाकी सगळे शिवत होते.

हे बाकीचे कोण, ते विलायतेत शोधायला पुष्कळ वर्षं गेली. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं ब्लिचिंग पावडरचं पेटंट घेतलं, ते कापड पांढरं करायला. जंतू तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हते. १८६७ साली लिस्टरनं जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरून माणसं वाचवल्याचं प्रसिद्ध केलं. १८८४ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर खुद्द कलकत्त्याला येऊन पटकीचा जंतू शोधून गेला. पण समितीला सगळ्यांत गंमत वाटली ती १८७७ सालाची. त्या वर्षी डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी काचेच्या नळ्यांत जंतूंना आवडेल असं पाणी भरून काही नळ्या उन्हात ठेवल्या, काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या गढूळ झाल्या आणि उन्हातल्या निवळ राहिल्या. ऊन जंतूंना मारतं, असं त्यांनी रॉयल सोसायटीला कळवलं. आणि त्याच १८७७ साली जॉन जेज नावाच्या इंग्रजानं आपल्या जंतुनाशक द्रावणाचं पेटंट घेतलं. आपलं काळं फिनेल हे त्याच्याच गोत्रातलं. पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच. फिनेल घरोघर गेलं. उन्हाचं पेटंट घेता येत नसल्यामुळे त्याची जाहिरात करायला कोणी उभं राहिलं नाही.

आपल्याकडे ही औषधं प्रेमानं आली असती तर बरं झालं असतं. ती प्लेगाबरोबर आली. १८९६ साली मुंबईत प्लेग फुटला, १८९७ साली पुण्यात तो माजला, आणि कार्बोलिकच्या बादल्या घेऊन माणसं लोकांच्या घरात घुसली. पुण्यात तर गोरे सोजीर माजघरापर्यंत गेले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडण्यात झाला, ते शाळेत सगळ्यांनीच वाचलं आहे. मला वाटतं, फिनेलच्या वासाबद्दल आपल्या लोकांच्या मनात जी अढी आहे तिचं मूळ तिथे असावं. आजीला तो वास आला की ती म्हणे, “दवाखाना आला घरात.”

आम्हा पोरांना मात्र फिनेलची जादू फार आवडायची. काळंकुट्ट औषध पाण्यात ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं! वडील ते बादलीत टाकायचे, त्यात पोतेरं बुडवायचे आणि सबंध घर त्याच एका बादलीत पुसून काढायचे. शेवटच्या खोलीपर्यंत दुधाचा चहा झालेला असायचा. वडिलांना वाटायचं, औषध आहे ना, मग झालं. पण बादलीतलं औषध आधी मळाशीच झुंजत बसतं आणि जंतूंची पाळी येईपर्यंत त्याचा दम संपतो, हे मला फार उशिरा कळलं. ब्लिचिंग पावडरचंही तेच. इथल्या ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. फडकं आधी साबणानं स्वच्छ धुऊन मग तिच्या पाण्यात घातलं तर उपयोग. मळकं फडकं नुसतं बुडवलं तर मळ पांढरा होतो एवढंच. (आणि एक सांगून ठेवतो. ही पावडर आणि संडास घासायचं ॲसिड एकत्र करू नका. मी एकदा दुप्पट स्वच्छतेच्या मोहानं केलं होतं. जो वायू सुटला त्यानं जंतूंचं काय झालं ठाऊक नाही, मी मात्र अंगणात येऊन पडलो.)

या सगळ्या धामधुमीत चिंधीला आणि खराट्याला माणसांत आणून बसवणारा एकच पुरुष आपल्याकडे झाला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात परिटाच्या घरी जन्मलेला. गाडगेबाबांनी अंगावर चिंध्यांचाच अंगरखा घातला. गावात गेले की दिवसभर खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायचे. १९५६ साली ते गेले. २००० साली राज्यानं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा मी नोकरीत होतो. तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही शाळा झाडली, पुसली, कुंड्यांना गेरू लावला आणि ज्या फडक्यांनी पुसली ती सगळी गोळा करून, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून, ओलीच एका कपाटात कोंबली. तपासणी छान झाली. पंधरा दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा मुलांना सुट्टी द्यावी लागली. बाबा असते तर त्यांनी आधी कपाट उघडायला लावलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मॉपची हकिकत वेगळी. स्पेनमध्ये मानुएल हालोन नावाचा एक विमानाचा इंजिनियर होता. त्यानं १९५६ साली दांड्याचा मॉप आणि पिळायची बादली अशी जोडी तयार केली. तोवर तिथल्या बायकाही आपल्या बायकांसारख्या गुडघ्यांवर बसून फरशी पुसत. त्या गुडघ्यांना त्यानं उभं केलं, याबद्दल त्याला खरोखर दंडवत घालावा. सौ.ला मी हे सांगितलं तेव्हा तिनं ‘गोसाव्या’कडे प्रथमच जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. गेली दहा वर्षं तिचे गुडघे रात्री कुरकुरतात, हे मला ठाऊक आहे आणि फरशी कधी मी पुसली नाही, हेही ठाऊक आहे. पण पुढचं सांगताच ती नजर पुन्हा कडक झाली. १९७१ साली कॅनडातल्या संशोधकांनी इस्पितळातले ओले मॉप तपासले. ओले ठेवलेले मॉप म्हणजे जंतूंचं आगर निघाले. गंमत म्हणजे जंतुनाशकात बुडवूनही ते धड शुद्ध होईनात. शुद्ध झाले ते कशानं? धुऊन नीट वाळवल्यानं. आणि तेही रोज बदलले तरच. एवढी प्रयोगशाळा, एवढी यंत्रं, आणि निघालं काय तर बोरीचं कुंपण!

सौ. विजयी मुद्रेनं सूनबाईकडे बघायला लागली, तेव्हा निःपक्षपातीपणासाठी मी लगेच दुसरा कागद काढला. मॉरिशसमध्ये महिनाभर वापरलेली शंभर स्वयंपाकघरातली फडकी तपासली होती. २०१८ साली त्याचा निकाल आला: ४९ फडक्यांत जंतू वाढले. घरात माणसं जास्त, लेकरं जास्त, तसे जंतू जास्त. एकच फडकं सगळीकडे वापरणाऱ्यांकडे आणि ते ओलं ठेवणाऱ्यांकडे विशेष. “कुकरचं बूड,” सूनबाई हळूच म्हणाली. मग मी तिसरा कागद काढला. २०१७ साली जर्मनीत भांडी घासायचे चौदा वापरलेले स्पंज तपासले, तर काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये पाच हजार कोटींच्या घरात जंतू मिळाले. जी माणसं स्पंज मधूनमधून साफ करतो म्हणत होती, त्यांच्याकडेही कमी नव्हते. आमच्या मोरीत हिरवा-पिवळा स्पंज सूनबाईनंच आणला होता. आता दोघीही गप्प झाल्या. समितीला असा समतोल क्वचित साधतो.

त्या शांततेत सौ. एकदम म्हणाली, “उन्हात वाळवायचं, उन्हात वाळवायचं, हे तुम्ही किती वेळा म्हणालात. तुमच्या आजीला सगळं कळत होतं, मान्य. पण सगळ्याच चिंध्या उन्हात घालायची सोय होती का आम्हाला?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला कागद खाली ठेवला. त्याच लुगड्याचे काही तुकडे वंशावळीत मी धरले नव्हते, कारण मी पुरुषमाणूस आणि ते मला कधी दिसलेच नव्हते. दिसू नयेत म्हणूनच ते न्हाणीच्या अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली, फळीच्या मागे वाळत असत. वाळत म्हणजे ओलसर राहत. सौ. सांगत होती, की पावसाळ्यात ते तसेच दमट वापरावे लागत, खाज सुटे, आग होई, आणि दवाखान्यात जाऊन सांगायचं कोणाला? पहिल्या बाळंतपणाच्या आधी ती महिनाभर आजारी होती, ते मला आठवलं. तेव्हा आम्ही त्याला ‘अशक्तपणा’ म्हणालो होतो. आता गावात आशाताई येतात. मुलींना बसवून स्पष्ट सांगतात, की कापड वापरत असाल तर साबणानं धुवा, कडक उन्हात घाला, लाजू नका. “आमच्या वेळी असं कोणी म्हणालं असतं,” एवढं बोलून सौ. उठली. सूनबाईही तिच्या मागोमाग गेली. आतून बराच वेळ दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. भांडणाचा नव्हता.

मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो. समोरच्या आवारात शेजाऱ्यांची हळद वाळत होती. आमच्या हिंगोली-वसमतकडे हळदीचं पीक मोठं. जमिनीतून काढलेलं हळकुंड कोणी तसंच बाजारात नेत नाही. आधी ते कुकरमध्ये वाफेवर शिजवायचं, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचं, रात्री दव पडलं तर झाकायचं, आणि खणखणीत वाजायला लागल्यावरच पुढची गोष्ट. ओली राहिली तर बुरशी लागते, हे शेजाऱ्यांच्या चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे. गावात हळदीला मिळतो तो मान फडक्याला का मिळू नये, असा विचार करत मी खांद्यावरच्या दस्तीनं कपाळ पुसलं. आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात. निझामाचं राज्य १९४८ साली गेलं, पण दस्ती राहिली.

तेवढ्यात नातू आला. तीन दिवसांनी प्रथमच आपल्या पायांनी चालत आला आणि पूर्वीसारखा मांडीवर बसला. पेरू मागायला लागला. मी पेरू दस्तीनं पुसला आणि त्याच्या हातात देणार, तर दारातून एकदम दोन आवाज आले. “थांबा!”

नातवानं साक्ष दिली. कोणी विचारलं नव्हतं, तरी दिली. “आजोबा रोज दस्तीनंच पुसतात. पेरू पण, माझं तोंड पण. आणि चष्मा. आणि एसटीची सीट. आणि त्या दिवशी शेळीच्या पिल्लाचं नाक पुसलं.”

समितीच्या अध्यक्षांवर अशी पाळी इतिहासात फार वेळा आली नसेल. दस्ती शेवटची कधी धुतली, असं सूनबाईनं विचारलं. मी दसरा म्हणणार होतो, पण कुठल्या वर्षीचा, हे सांगावं लागलं असतं. डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. ते म्हणाले, कशानं पोट बिघडलं ते आता सांगता येणार नाही. फराळ असेल, पाणी असेल, फडकं असेल, शेळीसुद्धा असेल. मला वाटलं, सुटलो. घरात कोणाला तसं वाटलं नाही.

सौ.नं चिमट्यानं दस्ती उचलली. मग ओट्यावरचं फडकं आणलं. मग मसोतं, पायपुसणं. सूनबाईनं गोसाव्याच्या झिपऱ्या दांड्यावरून सोडवून आणल्या. त्या निघतात, हे मला तेव्हा समजलं. अंगणात चूल पेटवून मोठं पातेलं ठेवलं. पायपुसण्याला आणि झिपऱ्यांना वेगळी बादली मिळाली, वंशावळ अजून पाळली जाते. साबणाचा चुरा पडला, उकळी फुटली, आणि पातेल्यातलं पाणी असल्या रंगाचं झालं की मी त्यात माझी दस्ती ओळखू शकलो. “आजीचं राखेचं पाणी आठवतं?” मी विचारलं. सौ. म्हणाली, “आठवतं. ढवळा आता.” मी ढवळलं. पोतेऱ्याची बखर लिहिणाऱ्याच्या हातात पहिल्यांदाच पोतेरं आलं.

वाळत घालायचं कामही माझ्याकडेच आलं. बोरीचं कुंपण कधीच गेलं, आता तारेचं आहे. त्याच्यावर एका ओळीत सगळी मांडली. दस्ती, फडकी, मसोतं, गोसाव्याची जटा. कुंपण रस्त्याच्या बाजूला, फाटकाला लागूनच. कोणाची लाज काढायची तर त्याची लक्तरं वेशीवर टांगतात असं आपण म्हणतो. आमची खरोखरच टांगलेली होती आणि ऊन चांगलं कडक पडलं होतं.

हळदीवर फडं टाकायला शेजारी आले. हात कमरेवर ठेवून त्यांनी सबंध ओळ वाचून काढली.

“काय गुरुजी, हे काय काढलंय दिवाळीच्या दिवसात?”

म्हटलं, “काही नाही. दुपारपर्यंत वाळतील.”